छत्तीस किलो

पहाटेच्या शांततेत स्टीलचा पेला फरशीवर टणकन् आपटला आणि घरंगळत घरंगळत चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेला. उंबऱ्याला टेकून दोनदा डोलला नि गप्प झाला.

भाकरी थापणारे नर्मदाचे हात परातीतच थांबले.

"सांडलं ना!" बाजेवरून सासूबाईंचा, धुरपदाबाईंचा आवाज आला. "मी म्हणलं नव्हतं, इतकुशा लेकराच्या हातात तेवढा मोठा पेला देऊ नको म्हणून? घरात काय दुसरी वाटी न्हाई?"

नर्मदाची चार वर्षांची बेबी दुधाच्या थारोळ्यात उभी होती. पेला पडला की पाडला, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

"पाडलास?"

"मला नको दूध."

"असं करू नये. दूध प्यायलं की..." नर्मदाच्या तोंडून निघालं आणि पुढचे शब्द तिनं गिळले. दूध प्यायलं की ताकद येते. शाळेच्या भिंतीवर तिनंच गेरूनं लिहिलेलं वाक्य. सहा वर्षांच्या नोकरीत हजारदा म्हटलेलं. गेल्या दसऱ्यापासून मात्र ते ती पुरं म्हणत नसे.

तिनं फडक्यानं फरशी पुसली, पेला उचलून विसळला. मानवतच्या भांडीवाल्यानं त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं. पंचफुला लिंबाजी. मोळी शर्यत, प्रथम. १५ ऑगस्ट १९८६. वर्ष होत आलं तरी एक ठिपका झिजला नव्हता.

"आज शनिवार ना गं?" धुरपदाबाईंनी विचारलं. "आज लेकरं मोजायची तुझी?"

"हो. पहिला शनिवार."

"मोज बाई, मोज," म्हातारी कूस बदलत म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी नर्मदाला तो लागला.

*

देवगाव फाट्यावर एस.टी.तून उतरून दोन कोस आत चाललं की हे गाव. फाट्यावरच्या थांब्याच्या भिंतीवर नामांतराची एक घोषणा अर्धी पुसलेली, अर्धी नव्यानं रंगवलेली. तिथून पुढं सगळी काळी माती, मध्ये बाभळी. नर्मदा पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. खो-खोत तिनं जिल्हा गाजवलेला. नवरा दत्तराव पूर्णेलाच रेल्वेत होता, रविवारी येऊन सोमवारी पहाटे परतायचा. ती सासूला नि लेकीला घेऊन इथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची.

शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रार्थना चालू असताना एक पोरगं मटकन् खाली बसलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. "सकाळी काय खाल्लं रे?" तिनं एकेकाला विचारलं. उत्तर एकच: "कोरा च्या."

मग तिनं मुठीचं पातेलं सुरू केलं. प्रत्येकानं घरून एक मूठ आणायची. मूग, मटकी, हरभरे, शेंगदाणे, जे असेल ते. आदल्या दिवशी भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे आणि दुसऱ्या सकाळी तीन दगडांच्या चुलीवर मिठाचा खडा टाकून शिजवायचं. ज्याच्या घरी मूठभरसुद्धा नसेल त्यानं जळणाची काडी आणायची, नाहीतर बांधावरची अंबाडी नि तरवट्याची भाजी. सगळं एकाच पातेल्यात. कुणाची मूठ कुठली, ते पातेल्याला कळत नसे.

खाऊन झालं, थोडं जिरलं की सूर्यनमस्कार, लेझीम, शाळेला पाच फेऱ्या.

"बाई, ही शाळा हाय का तालीम?" हेडमास्तर बन्सीधर गुरुजी म्हणायचे. पण उसळ वाटायची वेळ झाली की वाटी घेऊन तेच आधी उभे. पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. गुरुजीही हसायचे. "मास्तरला बी ताकद नको का रे?"

पहिल्या शनिवारी रेशन दुकानातला गोण्या मोजायचा काटा दोन मोठी पोरं हातगाड्यावर घालून आणायची. एकेक लेकरू त्यावर चढायचं, नर्मदा दांडीवरचं वजन सरकवायची आणि रजिस्टरात आकडा लिहायची. आकडा वाढला की पोरं टाळ्या वाजवायची.

त्या रजिस्टरात सगळ्यांत देखणी ओळ पंचफुलाची होती.

लिंबाजी नि बायनाबाईची ही थोरली. नवरा-बायको दसऱ्याला ऊसतोडीला जायची ती अक्षय तृतीयेला परतायची. आधी पोरीही बरोबर जायच्या. नर्मदानं घरी खेटे घालून घालून लिंबाजीला वळवलं आणि पंचफुला नि तिची धाकटी बहीण झुंबर आजीपाशी राहिल्या. पंचफुला सहावीत आली तेव्हा खांद्याची हाडं झग्यातून टोचायची. सत्तावीस किलो. ती मुठीऐवजी जळण आणायची, रोज, आणि पातेलं ढवळायला सगळ्यांआधी हजर असायची. सव्वा वर्षात ती भरत गेली. लेझमीत पहिली, धावण्यात पोरांच्या पुढं. एकतीस. चौतीस. छत्तीस.

"बाई, मी मास्तरीण होईन," ती एकदा पातेलं घासता घासता म्हणाली. "पर तुमच्यावानी वरडणार न्हाई."

"मी ओरडते?"

"लय. पर पोटभर खाऊ घालून वरडता. चालतंय."

*

ती शर्यत नर्मदानंच काढली होती. कुणी सुचवली नव्हती, कुठल्या परिपत्रकात नव्हती.

पंधरा ऑगस्टच्या खेळांना दरवर्षी तेच ते असायचं, लिंबू-चमचा नि पोत्यातली शर्यत. तिला वाटलं, आपल्या पोरींच्या अंगात जे आहे ते दिसेल असं काहीतरी हवं. गावानं बघावं, मुठीच्या पातेल्यानं काय केलं ते. म्हणून मोळीची शर्यत. जुन्या कडब्याच्या दहा पेंढ्यांची मोळी डोक्यावर घ्यायची, लिंबापासून शाळेपर्यंत यायचं आणि ओट्यावर चढून टाकायची. ओट्याच्या पायऱ्या पावसानं ढासळल्या होत्या. तिनं बैलगाडीची फळी मागवली आणि ओट्याला तिरकी लावली. फळीवरून चढणं अवघड, म्हणजे शर्यतीला आणखी रंग येईल.

ती रेल्वे क्वार्टरातली पोरगी. उसाचा फड तिनं बघितला नव्हता. तिथं बायका अशीच मोळी डोक्यावर घेऊन, अशाच फळीवरून ट्रकवर चढतात, हे तिला माहीतच नव्हतं. गावातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. त्यांना वाटलं, बाईनं मुद्दामच आपल्या कामाची शर्यत लावलीय.

बक्षीस दिलं होतं आप्पाराव मुकादमानं. तो शेजारच्या गावचा. पोळ्याच्या पुढंमागं तो ऊसतोडीची टोळी जमवत हिंडायचा, म्हणून त्याला पाहुणा म्हणून बोलावलं, आणि त्यानं आनंदानं तीन पेले कबूल केले. जिंकणाऱ्यांची नावं मागाहून घालून देतो म्हणाला, आणि दिली.

पंचफुला ओळीत उभी राहिली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि ओरडली, "बाई, माझ्या मोळीत अजून दोन पेंढ्या टाका!"

गाव हसलं. पेंढ्या टाकल्या. शिट्टी झाली.

ती धावली नाही. मान ताठ ठेवून, कमरेतून हलत, एका लयीत झपझप आली. बाकीच्या पोरी फळीपाशी अडखळल्या. ती पावलं आडवी टाकत वर गेली, एका झोक्यात मोळी टाकली आणि वळून नर्मदाकडं बघून सगळे दात दाखवून हसली. झुंबर खाली उड्या मारत होती. "माझी अक्का हाय! माझी अक्का हाय!" बन्सीधर गुरुजींनी टोपी काढून हवेत फिरवली.

आप्पाराव मुकादम टाळ्या वाजवत नव्हता. तो बघत होता.

कार्यक्रम संपल्यावर तो चहाचा कप घेऊन नर्मदाच्या टेबलापाशी आला. "बाई, कमाल केली तुमी. ही लिंबाजीचीच ना? काडी होती की निस्ती. किती भरती आता?"

आणि नर्मदानं रजिस्टर उघडलं. तिनं स्वतः, आपल्या हातानं. ओळीवर बोट ठेवून तिनं वाचून दाखवलं, "सत्तावीस होती. आता छत्तीस."

"छत्तीस! आन् आजारबिजार?"

"वर्षात एक दिवस गैरहजर नाही."

"दमबिम लागतो का?"

"पाच फेऱ्या मारते शाळेला. बोलत बोलत."

"व्वा," मुकादम म्हणाला. "मेहनत हाय तुमची." त्यानं कप ठेवला. बाजारात बैलाचे दात बघतात ते याहून काय वेगळं असतं, असं नर्मदाला पुढं किती वेळा वाटलं. त्या दिवशी मात्र तिचा ऊर भरून आला होता. घरी जाऊन तिनं बेबीला उचलून गरगर फिरवलं होतं.

*

घटस्थापनेच्या दिवशी झुंबरनंच सांगितलं. उसळीची वाटी चाटून पुसून ती म्हणाली, "बाई, आमच्या अक्काचं लगीन हाय. मला नवा झगा घ्यायलेत."

नर्मदा तशीच उठून लिंबाजीच्या घरी गेली.

"बसा की बाई. आगं बायना, बाईला पाणी दे, गुळाचा खडा आण." लिंबाजीनं घोंगडं झटकून अंथरलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. उलट आनंद होता.

"काय ऐकतेय मी? पोरगी तेरा वर्षांची आहे, लिंबाजी. सातवीला आलीय. मार्चात परीक्षा."

"खरं हाय तुमचं. पर हिच्याकडं बघा." बायनाबाई भिंतीला धरून, एका हातानं कंबर दाबत उठत होती. "मागल्या साली फळीवरनं घसरली, मोळीसगट. तवापासून हिच्यानं वझं उचलंना. फडात नवरा-बायकोची जोडी म्हंजे एक कोयता. मी एकटा म्हंजे आर्धा. आर्ध्या कोयत्याला कोण घेतंय टोळीत? नवरदेव नागनाथ बी आर्धाच हाय, बिनलग्नाचा. आता त्याचा नि पंचीचा मिळून पुरा कोयता हुतोय. त्यांच्या आडोशानं मला बी घेतो म्हणलाय मुकादम."

"मग लग्न कशाला? नुसती तुमच्याबरोबर..." म्हणता म्हणता नर्मदा थांबली. आपण काय कबूल करायला निघालो हे तिच्या ध्यानात आलं.

बायनाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "तरणी पोर बिनलग्नाची फडावर नेऊ? पाचटाच्या कोपीला दार नसतंय, बाई."

नर्मदानं तांब्या घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"आन् एक सांगू?" लिंबाजी पुढं सरकला. "मुकादम ह्या घराच्या दारात कधी आला नव्हता. औंदा चालत आला. म्हणला, बाईचं रजिस्टर बघितलंय मी. छत्तीस किलो. सालात आजार न्हाई. असली पोर टोळीत पाहिजे. बाई, आमी तिला कुठनं खाऊ घालणार हुतो? तुमच्या हातानं तिचं अंग भरलं. लय उपकार झाले तुमचे."

त्यानं हात जोडले. खरेखुरे जोडले.

आतल्या अंधारात पंचफुला चूल फुंकत होती. ती बाहेर आली नाही.

बन्सीधर गुरुजींना नर्मदानं लग्नाविरुद्ध अर्ज करायचं विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "दाखल्यावर तेरा हाय, बरोबर. पर दाखला मागतंय कोण? पोलीस पाटील मुकादमाचा मेव्हणा. तुमी लेकुरवाळ्या, नवरा परगावी. अर्ज करायचा तर करा, मी आडवा येत न्हाई. पर मला सही मागू नका."

तिनं कागद काढला होता. सासूबाई देवळात गेलेल्या, बेबी झोपलेली. तेवढाच काय तो घटकाभर वेळ. 'महोदय' लिहिलं, मुलीचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढं लिहायचं होतं की हे कसं घडलं. पोरीचं वजन मुकादमाला कुणी वाचून दाखवलं, शर्यत कुणी लावली, फळी कुणी मागवली. पेन तिथं अडलं. बेबी उठली, रडायला लागली. नर्मदानं कागदाची घडी करून वजनाच्या रजिस्टरात ठेवली. उद्या पुरा करू, म्हणाली. लेकरू रडत होतं हे खरं. पण त्याच्या रडण्याआधीच तिनं पेनाला टोपण लावलं होतं, हेही खरं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुहूर्त न बघता, वाजंत्रीवाचून मारुतीच्या पारावर लग्न लागलं. नर्मदा गेली. तिला सगळ्यांत पुढं बसवलं. बायनाबाईनं कंबर धरत वाकून तिची ओटी भरली, खण, नारळ, मूठभर गहू.

हळदीच्या पिवळ्या लुगड्यात पंचफुला आणखीच मोठी दिसत होती. अक्षता पडल्यावर ती गर्दीतून वाट काढत आली. पदराखालून पेला काढून तिनं नर्मदाच्या हातात दिला.

"हे तुमच्यापाशी ठिवा, बाई. कोपीत काई ऱ्हात न्हाई."

"पंचे..."

"माझी लेझीम कुणाला दिली?"

"अजून कुणाला नाही."

"झुंबरला नका देऊ. ती मोडती." आणि ती हसली, पण दात न दाखवता.

ज्येष्ठात ती एकदा दिसली. टोळी परतली होती. शाळेच्या कुंपणाबाहेर डोक्यावर जळणाचा भारा घेऊन पंचफुला उभी होती, आत पोरी कवायत करत होत्या. नर्मदा धावत गेली. पोरीच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली होती, खांद्याची हाडं पुन्हा दिसायला लागली होती. "ये ना आत. वजन करू," असं काहीतरी नर्मदा बोलून गेली.

"आता कशाला, बाई?" पंचफुला म्हणाली. मग भारा सावरत तिनं विचारलं, "पेला हाय का?"

"आहे."

"बेबीला दूध देत जा त्याच्यात. उगं ठिऊ नका."

*

शाळेच्या अंगणात काटा येऊन बसला होता. पातेल्यातून मटकीचा वास सुटला होता. नर्मदानं पातेलं बंद केलं नव्हतं. लेकरं उपाशी बसतील त्यापेक्षा, म्हणत ती रोज चूल पेटवायची. मोळीची शर्यत मात्र यंदा नव्हती. "दुसरं काय घ्यायचं, बाई?" गुरुजींनी विचारलं, तेव्हा ती "लिंबू-चमचा" म्हणाली, आणि गुरुजींनी मान खाली घालून तसं वहीत लिहिलं.

उसळ वाटताना तिचं लक्ष झुंबरकडं गेलं. नऊ वर्षांची झुंबर वाटी घेऊन शाळेच्या मागच्या बाजूला चालली होती. नर्मदा हळूच मागं गेली. पोरगी भिंतीआड बसली होती. तिच्या पुढ्यात गावातली एक शेळी. वाटीतली मटकी ती ओंजळीनं शेळीला चारत होती. चारून झाल्यावर तिनं वाटीला चिकटलेला एक दाणा बोटावर घेतला, त्याच्याकडं बघितलं आणि तोही शेळीपुढं धरला.

नर्मदा मागल्या मागं परतली. गेल्या महिन्यातही ही अशीच करत असेल का? त्याच्या आधीही?

नावं पुकारायला सुरुवात झाली. लेकरं चढत होती, उतरत होती. टाळ्या वाजत होत्या. रजिस्टराचं पान उलटताना घडी केलेला कागद खाली पडला. नर्मदानं तो उचलून पुन्हा आत ठेवला. 'महोदय' एवढं वरून दिसत होतं.

"झुंबर लिंबाजी."

झुंबर आली. काट्याच्या पत्र्यावर दोन्ही पावलं जुळवून उभी राहिली. मग तिनं पोट आत घेतलं, श्वास धरला, खांदे आखडले, आणि टाचा वर उचलल्या, जणू पत्र्याला आपलं अंग लागूच नये.

"नीट उभी राहा, झुंबर."

तिनं टाचा टेकल्या. श्वास मात्र सोडला नाही.

नर्मदानं दांडीवरचं वजन सरकवलं. आधीच्या महिन्याला एकवीस होतं. तिथं दांडी खाली पडली. तिनं मागं घेतलं. वीस. आणखी थोडं मागं. साडेएकोणीसला दांडी तरंगली. मागं रांगेत टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

"उसळ का खात नाहीस गं?" नर्मदानं तिच्याजवळ वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं विचारलं. "आवडत नाही?"

झुंबरनं मान हलवली. आवडत होती. तिचे डोळे दांडीवर खिळले होते. धरलेला श्वास सुटला तशी दांडी जराशी हलली, आणि पोरगी दचकली. मग तिनं नर्मदाच्या हातातल्या रजिस्टराकडं बघितलं, नर्मदाकडं बघितलं, आणि हळूच विचारलं,

"बाई, किती किलो भरल्यावर नेत्यात?"